टॉमस पेन : लोकशाहीचा उपेक्षित शिल्पकार

अमेरिकन लोकशाहीचा विषय निघाला की वॉशिंग्टन, जेफर्सन, अॅडम्स, हॅमिल्टन ही नावे ओघाने येतात. त्यांपैकी कोणी मोठा जमीनदार होता, कोणी नाणावलेला वकील. त्यांच्या पंक्तीला बसण्याचा पूर्ण अधिकार असूनही जो शेवटपर्यंत पंगतीबाहेर राहिला, तो टॉमस पेन. तो ना पदवीधर होता, ना धनिक, ना जन्माने अमेरिकन.

पेनचा जन्म १७३७ च्या आरंभी इंग्लंडमधील थेटफर्ड या लहानशा गावी झाला. वडील क्वेकर पंथाचे. बायका झग्याखाली कंबर आवळण्यासाठी ताठ पट्ट्यांची काचोळी घालत, ती शिवण्याचा त्यांचा धंदा होता. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि मुलगाही त्याच कामाला बसला. पुढची पंचवीस वर्षे म्हणजे अपयशाची एक लांबलचक खतावणीच होय. पहिली पत्नी लग्नानंतर वर्षभरातच वारली. अबकारी खात्यात नोकरी मिळाली, पण माल प्रत्यक्ष न पाहताच तपासल्याची नोंद केल्याबद्दल १७६५ मध्ये ती गेली. अर्जविनंत्या करून तो पुन्हा खात्यात शिरला व ल्यूइस गावी आला. तेथे दुसरे लग्न झाले, तंबाखूचे दुकानही चालविले.

१७७२ साली त्याने आपल्या खात्यातील नोकरांच्या पगारवाढीसाठी एक पुस्तिका लिहिली. पगार वर्षाला पन्नास पौंड, आणि त्यातूनच घोड्याचा खर्च! ज्याच्या हाती सरकारचा महसूल, त्यालाच उपाशी ठेवले तर तो लाच खाणार, यात नवल ते काय, असा त्याचा सरळ हिशेब होता. पार्लमेंटने दाद दिली नाही. १७७४ मध्ये नोकरी दुसऱ्यांदा गेली, दुकानातील सामान लिलावात निघाले आणि पत्नीशीही काडीमोड झाल्यासारखेच झाले. लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिनची ओळख झाली होती. त्याची शिफारसपत्रे घेऊन पेनने अमेरिकेची वाट धरली. ३० नोव्हेंबर १७७४ रोजी जहाज फिलाडेल्फियाला लागले तेव्हा तापाने तो इतका खंगला होता की त्याला उचलून खाली आणावे लागले. वय सदतीस.

अवघ्या चौदा महिन्यांत या माणसाने एका खंडाचे मत फिरविले! जानेवारी १७७६ मध्ये 'कॉमन सेन्स' ही सत्तेचाळीस पानांची पुस्तिका निघाली. वसाहतींत लढाईला तोंड लागून नऊ महिने होत आले होते, तरीही बहुतेकांचा राग मंत्र्यांवर व पार्लमेंटवर होता. राजा मात्र भला, ही समजूत कायम होती. पेनने घाव घातला तो थेट राजेपणावर. शहाणपण वारसाहक्काने मिळत नाही, मग राज्य का मिळावे? इंग्लंडचा पहिला नॉर्मन राजा म्हणजे सशस्त्र लुटारूंचा म्होरक्या, मग त्याच्या वंशाला पावित्र्य आले कोठून? एखाद्या बेटाने खंडावर कायम राज्य करावे हेही त्याला निसर्गाविरुद्ध वाटे. समाज माणसांच्या गरजांतून निर्माण होतो आणि सरकार त्यांच्या दोषांमुळे लागते, म्हणून सरकार जितके साधे तितके बरे, असा त्याचा सिद्धांत होता. राजाच्या जागी त्याने कायदा बसविला.

हे विचार अगदीच नवे नव्हते. लॉकसारख्या तत्त्वज्ञांनी त्यांतले पुष्कळ आधीच मांडले होते. नवी होती ती भाषा. पेनने लॅटिन वचने टाळली आणि दाखले दिले ते बायबलमधले, जे सुताराला, शेतकऱ्याला तोंडपाठ होते. आमच्या सीमाभागात बाजारात उभे राहणाऱ्याला मराठी व कानडी दोन्ही बोलावे लागते. समोरच्याला कळेल तेच बोलणे खरे, ही गोष्ट येथे कोणी शिकवावी लागत नाही. पेनने राज्यशास्त्र असे बाजारात आणले. तीन महिन्यांत एक लाख वीस हजार प्रती खपल्या असे तो सांगे. इतिहासकारांना हा आकडा फुगलेला वाटतो. पण पुस्तिका गावोगाव मोठ्याने वाचली गेली, आणि जुलैमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. नफ्यातील आपला वाटा त्याने सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊ केला होता. छापखानदाराने मात्र नफाच झाला नाही असा हिशेब दाखविला!

राजा गेल्यावर राज्य कसे चालवावे यावर मात्र मतभेद झाले. पेनला एकच सभागृह आणि वारंवार निवडणुका हव्या होत्या. जॉन अॅडम्सला यात बेबंदशाही दिसली, आणि दोन सभागृहे व स्वतंत्र न्यायालये हवीत असे सांगणारी पुस्तिका त्याने त्याच वर्षी काढली. पेन्सिल्व्हेनियाने १७७६ मध्ये जवळजवळ पेनचाच मार्ग धरला. तेथे एकच सभागृह झाले, आणि मालमत्तेची अट न ठेवता कर भरणाऱ्या पुरुषांना मत मिळाले. १७९० मध्ये ती घटना बदलली गेली. १७८७ ची संघराज्याची घटनाही दोन सभागृहांचीच निघाली. माझ्या मते एका सभागृहाचे पेनचे गणित कच्चे होते. मताधिकाराचे मात्र पक्के होते.

१७८७ मध्येच पेन युरोपात गेला, तोही स्वतः आखलेल्या लोखंडी पुलाचा नमुना घेऊन. एडमंड बर्कने फ्रेंच क्रांतीवर टीका केली तेव्हा उत्तरादाखल त्याने 'राइट्स ऑफ मॅन' लिहिले (१७९१ व १७९२). घटना ही सरकारने जनतेला दिलेली देणगी नव्हे. जनता आधी घटना करते आणि तिच्यातून सरकार जन्मते, हा त्याचा गाभा. मेलेल्या पिढीला जिवंत पिढीचे हात बांधता येत नाहीत हेही त्याने ठणकावले. हेच पुस्तक १८४७ च्या सुमारास पुण्यात तरुण जोतीराव फुले यांच्या हाती पडले. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा त्या अर्पणामागे हेही वाचन असावे असे मला वाटते.

इंग्लंडमध्ये राजद्रोहाचा खटला झाला. पेन आधीच फ्रान्सला पोहोचला होता. फ्रेंच येत नसताना तो तेथील लोकसभेवर निवडून आला! राजेशाहीच्या या हाडवैऱ्याने तेथे सोळाव्या लुईला मारू नका, अमेरिकेत पाठवा, असे सांगितले. परिणामी डिसेंबर १७९३ मध्ये तो स्वतःच तुरुंगात गेला. दहा महिन्यांवर तो आत होता. अमेरिकन वकील जेम्स मन्रो यांनी त्याला सोडविले. आपल्यासाठी वॉशिंग्टनने काही केले नाही असे मनात घेऊन त्याने १७९६ मध्ये त्याच्यावर जहाल पत्र छापले. ते त्याला शोभले नाही.

त्याची १७९७ ची एक पुस्तिका आम्हां वाणिज्यच्या विद्यार्थ्यांनी जरूर पाहावी. जमीन मुळात सर्वांची, म्हणून मालकाने समाजाला भाडे देणे लागते. वारसा-मालमत्तेवर कर बसवून निधी उभारावा, त्यातून एकवीस वर्षे पूर्ण होताच प्रत्येकाला पंधरा पौंड व पन्नाशीनंतर वर्षाला दहा पौंड द्यावेत, स्त्रीपुरुष भेद न करता, अशी त्याची योजना होती. आकडेमोडीसह! (आमच्या वर्गातील बहुतेकांना पुढल्या वर्षी पंधरा पौंड मिळाले असते.)

१८०२ मध्ये तो अमेरिकेत परतला तेव्हा स्वागत थंडे झाले. 'एज ऑफ रीझन' मध्ये त्याने बायबलवर टीका केली होती. त्याने ईश्वर मानला होता, तरी लोकांनी त्याला नास्तिक ठरविले. १८०६ मध्ये न्यू रोशेल येथे तो मतदानाला गेला असता, तू या देशाचा नागरिकच नव्हेस, असे सांगून अधिकाऱ्यांनी त्याचे मत नाकारले. ८ जून १८०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो वारला. क्वेकरांनी आपल्या दफनभूमीत जागा दिली नाही, म्हणून त्याला त्याच्याच शेतात पुरले. बरोबर मोजकीच माणसे होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने थोर स्मारक उभारण्याच्या हेतूने त्याच्या अस्थी उकरून इंग्लंडला नेल्या. स्मारक झाले नाही. कॉबेट मेल्यावर त्या अस्थी कोठे गेल्या याचाही पत्ता लागला नाही.