चित्रकाराचे दान

करवीरनगरीस ‘कलापूर’ असे लोक अभिमानाने म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांच्या उदार आश्रयाने येथे कुस्ती, संगीत आणि नाट्य यांच्याबरोबरच चित्रकलाही बहरली. आबालाल रहिमान यांच्यासारखे थोर निसर्गचित्रकार येथे होऊन गेले. पुढे बाबूराव पेंटर या नावाने विख्यात झालेल्या बाबूराव मेस्त्री यांनी येथे नाटकांचे पडदे रंगविले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापून मूकपट काढले. अशा या नगरीत १३ ऑगस्ट १९१३ रोजी गोपाळ मांढरे यांचा जन्म झाला. नटवर्य चंद्रकांत या नावाने महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते हेच.

गोपाळचा ओढा प्रथमपासून चित्रकलेकडे होता. बाबूराव पेंटरांसारखा गुरू लाभल्यामुळे त्या ओढीला वळण मिळाले. बाबूराव स्वतः चित्रकार, शिल्पकार आणि दिग्दर्शक होते. चित्रपटाचे देखावे, पोशाख आणि जाहिरातीची चित्रे या सर्वांत त्यांची चित्रकाराची दृष्टी दिसे. त्यांच्या सहवासात या होतकरू तरुणाच्या हाती कुंचला स्थिरावला. परंतु त्या तरुणाचा भरदार बांधा आणि देखणा चेहरा यांमुळे त्याला कॅमेऱ्यासमोरही उभे राहावे लागले. १९३६ साली निघालेल्या ‘सावकारी पाश’ या बोलपटात बाबूरावांनी त्याला भूमिका दिली आणि गोपाळचा चंद्रकांत झाला.

त्यानंतर चंद्रकांतांनी मागे वळून पाहिले नाही. प्रभात कंपनीच्या ‘शेजारी’ या १९४१ सालच्या चित्रपटात ते चमकले. भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’ या १९५२ सालच्या चित्रपटात त्यांनी शिवरायांची भूमिका केली. पडद्यावरील त्यांचे ते रुबाबदार रूप प्रेक्षकांच्या मनात दीर्घकाळ घर करून राहिले. १९५९ सालच्या ‘सांगत्ये ऐका’ या लोकप्रिय चित्रपटातही ते होते. त्यांचे धाकटे बंधू वामन हेही सूर्यकांत या नावाने नामवंत नट झाले. अशा रीतीने एकाच घरातील चंद्र आणि सूर्य मराठी रुपेरी पडद्यावर तळपले.

कीर्ती मिळाली की माणूस आपली पहिली आवड विसरतो, असा पुष्कळदा अनुभव येतो. चंद्रकांतांचे तसे झाले नाही. अभिनयाच्या धकाधकीतही त्यांनी कुंचला खाली ठेवला नाही. जलरंग आणि तैलरंग ही माध्यमे त्यांनी हाताळलीच; परंतु ‘पावडर शेडिंग’ या पद्धतीवर त्यांचे विशेष प्रभुत्व होते. या पद्धतीत कोरडी पूड कागदावर हळुवारपणे घासून छायाप्रकाश साधतात. पाण्याचा थेंबही न वापरता पाण्याची चमक, धुक्याचा पातळ पडदा किंवा मावळतीचा उजेड कागदावर उतरवावा लागतो. पूड थोडी अधिक पडली तर चित्र काळवंडते, थोडी कमी पडली तर फिके वाटते. चिकाटी आणि हलका हात यांवाचून हे काम साधत नाही.

पण कलाकृती निर्माण करणे जितके कठीण, तितकेच त्या टिकविणे कठीण. याची उदाहरणे चंद्रकांतांच्या गावातच होती. १९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले, तेव्हा दुःखाने व्याकूळ झालेल्या आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या तळ्यात बुडविली, असे कोल्हापुरात सांगतात. बाबूराव पेंटरांचे बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नाहीसे झाले. १९४८ सालच्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. पाण्याने, अग्नीने आणि उपेक्षेने कलेचे किती धन गमावले, याची गणतीच नाही.

चंद्रकांतांनी आपल्या चित्रांच्या वाट्याला असे भाग्य येऊ दिले नाही. कोल्हापुरातील राजारामपुरीत त्यांचे ‘निसर्ग’ या नावाचे घर होते. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी हे राहते घर आपल्या चित्रसंग्रहासह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. ही चित्रे विकून त्यांना द्रव्य मिळविता आले असते. पण मग संग्रह दहा दिशांना विखुरला असता आणि मोजक्या धनिकांच्या दिवाणखान्यांत बंद होऊन बसला असता. आयुष्यभराची मिळकत त्यांनी स्वहस्ते समाजाला अर्पण केली आणि आपल्या हयातीतच तेथे कलासंग्रहालय उभे राहिलेले पाहिले. १७ फेब्रुवारी २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

हे संग्रहालय भव्य राजवाड्यात नाही. एका साध्या घरात आहे. चंद्रकांतांनी विविध माध्यमांत रंगविलेली चित्रे तेथे मांडली आहेत आणि त्यांच्या भूमिकांची छायाचित्रेही आहेत. छायाचित्रांत एक नट अनेक वेषांत दिसतो. चित्रांत मात्र तो कोठेच दिसत नाही. दिसतात ते डोंगर, झाडे, पाणी आणि आकाश. निसर्गापुढे स्वतःला विसरून बसलेल्या चित्रकाराची खरी ओळख तेथेच पटते.

पडद्यावरची कीर्ती काळाबरोबर फिकी होते. ज्यांनी चंद्रकांतांना चित्रपटगृहात पाहिले, ती पिढीही आता सरत आली आहे. परंतु एखादा शाळकरी मुलगा किंवा मुलगी आजही या घराचा उंबरठा ओलांडते, भिंतीवरील चित्रापुढे क्षणभर थबकते आणि कोरड्या पुडीतून पाणी कसे चमकले असेल, याचा विचार करू लागते. त्या क्षणी या चित्रकाराचे दान सार्थकी लागते.