वणव्यात उतरणारा वॅग डॉज

आपल्या अमरावती जिल्ह्यात मेळघाटचे मोठे जंगल आहे. उन्हाळ्यात तिथे वणवे लागतात. म्हणून वनखात्याचे लोक आधीच गवताचा पट्टा जाळून ठेवतात. त्याला जाळरेषा म्हणतात. आग तिथवर आली की तिला जळायला काहीच उरत नाही. चुलीतली राख पुन्हा पेटते का? तसंच हे. याच गोष्टीने ज्याचा जीव वाचला, त्या माणसाची माहिती मी लिहिते.

त्याचे नाव वॅग डॉज. तो अमेरिकेत राहायचा. तिथली जंगले फार मोठी. आत रस्ते नाहीत. माणसे पायी पोचेपर्यंत आग पसरून जायची. म्हणून १९३९ साली तिथल्या वनखात्याने विमानातून पॅराशूटने माणसे उतरवून पाहिली. १२ जुलै १९४० ला रूफस रॉबिन्सन आणि अर्ल कूली यांनी पहिल्यांदा खऱ्या वणव्यासाठी उड्या घेतल्या. हे लोक कुऱ्हाडी-फावड्याने आगीपुढची जागा साफ करून आग अडवायचे.

डॉज अशाच एका टोळीचा मुकादम होता. ५ ऑगस्ट १९४९ ला मॉन्टाना राज्यात मॅन गल्च नावाच्या दरीत १५ जण उतरले. रेडिओचे पॅराशूट उघडलेच नाही, तो पडून फुटला. खाली आणखी एक वनरक्षक भेटला. असे १६ जण झाले.

सारे नदीकडे चालले होते. तेवढ्यात आग दरी ओलांडून समोर आली. मग सगळे मागे फिरून चढावर पळू लागले. गवत वाळलेले, वारा जोराचा. आग माणसांपेक्षा जोरात धावत होती. तेव्हा डॉजने काडी ओढली आणि पुढचे गवत पेटवले. ते जळाल्यावर तो त्या राखेत शिरला. त्याने सर्वांना आत बोलावले, पण कोणीच आले नाही. आगीपुढे हा आणखी आग का लावतो, असं त्यांना वाटलं असेल. डॉज ओला रुमाल तोंडावर धरून राखेत पालथा पडला. आग बाजूने निघून गेली. तो वाचला. दोघे जण वर खडकात पोचून वाचले. बाकीचे १३ जण मरण पावले.

डॉज १९५५ साली वारला. पुढे आग विझवणाऱ्यांना त्याची युक्ती शिकवू लागले.

मला वाटते, त्या १३ जणांची चूक नव्हती. त्यांना ते आधी कोणी शिकवलेच नव्हते. आग अंगावर आल्यावर कोण समजावून सांगणार? म्हणून संकटाचे शिक्षण आधीच घ्यावे.

मित्रांनो, तुम्ही मात्र काडी ओढून पाहू नका. धुऱ्यावर आग दिसली तर लगेच मोठ्या माणसांना बोलवा.

इयत्ता ४ थी