सुभेदार रामजी सकपाळ : एका पेन्शनर बापाची कहाणी



विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत बाबासाहेबांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी गिरणीतला माणूस, माझं शिक्षण झालं ते बहुतेक वाचनालयात. मी चार शब्द लिहितोय ते बाबासाहेबांच्या वडिलांवर. भीमराव रामजी आंबेडकर हे नाव आपण रोज घेतो, पण त्यातले रामजी कोण, असं पोरांना विचारलं तर मिलिट्रीत सुभेदार होते, एवढंच उत्तर येतं. आपल्या नगरला लष्कराची छावणी. भिंगार कॅम्पापासून खेड्यापाड्यापर्यंत फौजेतून रिटायर झालेली माणसं घरोघर आहेत. पेन्शनीत घर कसं ओढायचं आणि कोणत्या पोराला पुढं शिकवायचं, हा हिशोब त्या घरांना नवा नाही. सुभेदारांनीही आयुष्यभर तोच हिशोब केला.

त्यांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील मालोजी हेही पलटणीतलेच. त्या काळी गावात आपल्या माणसाला शाळेची पायरी चढू देत नव्हते, पण पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकावंच लागे. रामजींनी ती संधी सोडली नाही. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये मास्तरकीचं शिक्षण घेतलं आणि पलटणीच्या शाळेत चौदा वर्षं हेडमास्तरकी केली. लग्न झालं ते मुरबाडकर सुभेदारांच्या भीमाबाईशी, म्हणजे तेही फौजी घराणंच. चौदा लेकरं झाली. त्यातली बरीचशी लहानपणीच गेली. शेवटचा भीमराव, जन्म 14 एप्रिल 1891, महू छावणीत.

रामजी कबीरपंथी. दारू नाही, मांस नाही, पहाटे भजन. मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. ही पोथी आपण का वाचायची, असं भीमराव विचारी. वाल्मिकी तरी कुठं उच्च जातीचे होते, असं सांगून पोरांच्या मनातला न्यूनगंड काढायचा त्यांचा प्रयत्न असे. मुलाला ते पटलं नाही, पण बापाची तळमळ त्याला कळली होती. 1892 च्या सुमारास सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा अर्ज तयार करण्यासाठी रामजी न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले. स्वतःची नोकरी संपत आलेली असताना ते पुढच्या पोरांसाठी पळत होते. ही भरती पुन्हा उघडली ती 1917 साली, रामजी गेल्यावर चार वर्षांनी. महार रेजिमेंट उभी राहिली 1941 मध्ये.

1894 च्या सुमारास रिटायर झाले. पेन्शन महिना 50 रुपये. आधी दापोली, मग साताऱ्याला बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी. साताऱ्यातच 1896 साली भीमाबाई वारल्या. पोरं सांभाळली ती रामजींची बहीण मीराबाई आत्यानं. पुढं दुष्काळी कामावर पगार वाटायला रामजी खटाव तालुक्यात गेले. 1901 साली पोरं त्यांना भेटायला निघाली. येण्याचं कळवलेलं पत्र नोकर द्यायला विसरला, म्हणून मसूर स्टेशनवर न्यायला कुणीच आलं नाही. जात कळल्यावर गाडीवानानं दुप्पट भाडं घेतलं आणि गाडी पोरांनाच हाकायला लावली. रात्रभर त्यांना पाणी मिळालं नाही. बापाला हे सगळं कळलं ते पोरं दारात उभी राहिल्यावर.

रामजींनी दुसरं लग्न केलं, ते भीमरावाला आवडलं नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर बघून पोराचं डोकं फिरलं. साताऱ्याची पोरं मुंबईला गिरणीत लागतात, आपणही तिथं जाऊन वाइंडिंगला लागावं, असं त्यानं ठरवलं होतं. भाड्यासाठी आत्याचा कसा चोरला तर त्यात निघाला अर्धा आणा. मग पळून जायचा विचार सुटला आणि अभ्यासाची जिद्द धरली. सूतगिरणीच्या धुळीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचताना धस्स होतं. त्या कशात चार रुपये निघाले असते तर?

1904 साली बिऱ्हाड मुंबईला आलं, लोअर परळच्या डबक चाळीत. एकच खोली. तिथंच चूल, जातं, सामान आणि माणसं. थोरल्या आनंदरावांना शाळा सोडून कामाला लागावं लागलं, कारण दोघांना शिकवायची ऐपत नव्हती. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात गेला. जागा पुरेना म्हणून रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग पोराला उठवून घासलेटच्या दिव्यापाशी बसवत आणि स्वतः आडवे होत. पोराला अवांतर पुस्तकांचा नाद. पुस्तक मागितलं की सुभेदार लग्न झालेल्या धाकट्या लेकीकडे जात. तिच्याकडे तीन-चार रुपये नसले तर थोरलीकडे. ती अंगावरचा दागिना काढून देई. तो मारवाड्याकडे ठेवायचा, पेन्शन झाली की सोडवून परत द्यायचा, आणि पुढच्या पुस्तकाला पुन्हा तीच वाट. मंजुळा आणि तुळसा ही त्या लेकींची नावं. जयंतीच्या भाषणात ती कुणी घेत नाही, ती घेतली पाहिजेत. आनंदरावांचंही.

पोरगा परीक्षा पास झाला तेव्हा वस्तीच्या लोकांनी सत्कार ठरवला. रामजी आधी नाहीच म्हणाले, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. दादा केळुसकरांनी समजूत घातली तेव्हा तयार झाले. त्याच सत्कारात केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावाला दिलं. ते त्या घरात आलेलं बुद्धाचं पुस्तक. सुभेदार अडून बसले असते तर ते आलं असतं की नाही, कोण जाणे.

बी.ए. झाल्यावर जानेवारी 1913 मध्ये भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. वडिलांच्या मनात ते नव्हतं. थोड्याच दिवसांत आजारपणाची तार आली. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी सुटली. घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. सुभेदारांची नजर लेकाची वाट बघत होती. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि 2 फेब्रुवारी 1913 रोजी प्राण सोडला.

त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला गेले. पुढं 1923 साली लंडनमध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ छापला गेला. तो त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आहे, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाची आठवण म्हणून.