किंग काँगचा बाप

आमच्या रूमच्या खिडकीत एक राक्षस बसलाय. तार, एम-सील आणि शाडूचा. एवढा वेळ एम-थ्रीला दिला असता तर केटी लागली नसती, असं रूममेटचं मत आहे. मुद्दा बरोबर आहे. पण हे खूळ ज्याच्यामुळे लागलं, त्या विलिस ओब्रायनबद्दल लिहायचंच होतं.

जन्म २ मार्च १८८६, ऑकलंड, कॅलिफोर्निया. अकराव्या वर्षी पठ्ठ्याने घर सोडलं. मग रँचवर गुरं, ड्राफ्ट्समनची नोकरी, पेपरात व्यंगचित्रं, संगमरवराचं दुकान... आपल्याकडे अशा मुलाला धड काही करत नाही म्हणतात. त्या दुकानात त्याने गंमत म्हणून मातीचा छोटा बॉक्सर केला आणि डोक्यात आलं, याला थोडं थोडं हलवून शूट केलं तर? १९१५ मध्ये त्याने डायनासोर आणि आदिमानवांची छोटीशी फिल्म केली, ती एडिसनच्या कंपनीने घेतली. १९२५ ला 'द लॉस्ट वर्ल्ड' आणि १९३३ ला 'किंग काँग'!

तो अवाढव्य काँग खरा किती होता? जेमतेम दीड फूट. आत स्टीलचा सांगाडा, बॉल अँड सॉकेट जॉइंट्स (मेकॅनिकलवाल्यांनो, जागे व्हा), त्यावर कापूस, रबर आणि वरून सशाची कातडी. मॉडेल्स बनवायचा मार्सेल डेलगाडो, जीव ओतायचा ओब्रायन. सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे एका मिनिटासाठी १४४०. दर वेळी बोटं लागून केस विसकटायचे, म्हणून पडद्यावर काँगची लव सारखी थरथरते. खरं तर चूकच ती. पण बघणाऱ्यांना वाटलं, काँग चिडलाय!

आणि त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, त्याच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या आजारी बायकोने दोन्ही मुलांना गोळ्या घातल्या. मुलं गेली. तिने स्वतःवरही गोळी झाडली, पण ती वाचली आणि पुढच्या वर्षी वारली. हे वाचलं त्या रात्री मी मातीला हात लावला नाही.

पुढे त्याचे बरेच प्रोजेक्ट कागदावरच राहिले. 'वॉर ईगल्स' तर तयारी होऊनही बंद पडला. मग १९४९ चा 'मायटी जो यंग', त्याला ऑस्कर मिळालं. त्यात त्याचा असिस्टंट होता रे हॅरीहाउसेन. हा रे तेरा वर्षांचा असताना काँग बघून वेडा झाला होता. नंतर आपले डायनासोर घेऊन ओब्रायनकडे गेला, तर त्याने पाय सॉसेजसारखे झालेत म्हणून सरळ सांगितलं आणि अ‍ॅनाटॉमी शिकायला पाठवलं. रे खरंच शिकला!

शेवटी ओब्रायनने काँग आणि फ्रँकेन्स्टाइनच्या मारामारीची कल्पना काढली. ती फिरत फिरत जपानला गेली, तिथे १९६२ मध्ये काँग गॉडझिलाशी लढला. त्यात याचं नावही नव्हतं. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तो लॉस एंजेलिसमध्ये वारला.

माझ्या राक्षसाचे पाय मी परवा तोडले. सॉसेजच होते.