जॉन मोझेस ब्राउनिंग

बंदूक ही वस्तु शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कांहीं पालकांस वाटण्याचा संभव आहे. आम्हांसही शिकारीचा षौक नाहीं. परंतु एका कारागिरानें आपल्या बुद्धीची किंमत कशी ओळखली, हें ह्या चरित्रांत पाहावयास मिळतें, म्हणून तें आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

ब्राउनिंग ह्यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजीं अमेरिकेंतील उटा प्रांतांत, ऑग्डेन गांवीं झाला. वडील जोनाथन हे बंदुका घडविणारे व दुरुस्त करणारे. तीन बायका व २२ मुलें असा त्यांचा विस्तीर्ण संसार होता. दुकानांतील मोडक्यातोडक्या लोखंडांत जॉनचें बालपण गेलें. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनीं एक टाकाऊ नळी घेऊन पहिली बंदूक जुळविली. १८७९ सालीं वडील वारले व त्याच वर्षीं ब्राउनिंग ह्यांस पहिलें पेटंट मिळालें. पुढें १८८३ सालीं विंचेस्टर कंपनीचे बेनेट हे स्वतः ऑग्डेनला आले आणि त्या बंदुकीचे हक्क ८,००० डॉलरांस घेऊन गेले. तेव्हांपासून सुमारें १९ वर्षें असेंच चाललें. ब्राउनिंग नवी बंदूक करीत, कंपनी ठोक रक्कम देई, व बंदुकीवर नांव मात्र विंचेस्टरचें पडे.

१८९८ च्या सुमारास त्यांनीं आपोआप भरणारी छर्ऱ्याची बंदूक सिद्ध केली. हिची रचना मोठी मौजेची आहे. बार उडतांच नळी व तिच्याशीं जखडलेला खटका हीं दोन्ही जोडीनें मागें सरकतात. मग नळी सुटून पुढें जाते, रिकामें काडतूस बाहेर फेंकलें जातें, आणि खटका नवें काडतूस घेऊन तिच्यामागून येतो. चाप मात्र दर बारास निराळा ओढावा लागतो. नळीच्या ह्या धांवेला आवर घालण्यासाठीं काडतुसांच्या नळकांड्यावर एक स्प्रिंग, कांशाचा एक घर्षक व उतरत्या कडेचें एक पोलादी कडें बसविलेलें असतें. जोरदार काडतुसें वापरावयाचीं असल्यास कडें स्प्रिंग व घर्षक ह्यांच्यामध्यें, उतरती बाजू घर्षकाकडे करून ठेवावें. हलकीं वापरावयाचीं असल्यास तेंच काढून स्प्रिंगच्या मागें ठेवावें.

सगळी गोम ह्या कड्यांत आहे. साफसफाईसाठीं बंदूक खोलणारे लोक तें कोठें होतें हें विसरतात. हलक्या मांडणीनें जोरदार बार काढले कीं नळी धाडकन मागें आदळते, खांदा शेकतो व पुढच्या लांकडास तडा जातो. उलट, जोरदार मांडणींत हलकें काडतूस घातलें कीं नळी पुरती मागें येत नाहीं व रिकामें काडतूस तोंडाशींच अडकतें. नळकांड्यावर तेल ओतणें हीही अशीच चूक. घर्षण नाहींसें होऊन धक्का वाढतो. मालक बंदुकीस दोष देतो, आणि दोष असतो त्याच्या जुळणींत. (आम्हीं एकदां घरचें घड्याळ खोलून पुन्हां जोडलें, तेव्हां एक चक्र शिल्लक राहिलें होतें, घड्याळ करणाऱ्यास आम्हीं बराच बोल लाविला.)

ह्या बंदुकीचें महत्त्व ब्राउनिंग पुरतें जाणून होते. म्हणून ह्या वेळीं त्यांनीं ठोक रकमेऐवजीं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागें हिस्सा मागितला. बेनेटांनीं नकार दिला. दोघांचा जुना स्नेह तेथेंच तुटला. ब्राउनिंग रेमिंग्टन कंपनीकडे गेले. पण जानेवारी १९०२ मध्यें ते भेटीसाठीं तिष्ठत असतांनाच कंपनीचे प्रमुख हार्टले हृदयविकारानें वारले. पन्नाशीकडे झुकलेल्या ह्या गृहस्थांनीं मग समुद्र ओलांडला व बेल्जममध्यें लिएजजवळील हर्स्टालच्या कारखान्याशीं करार केला. बंदूक तेथें तयार होऊं लागली. कांहीं वर्षांनीं रेमिंग्टननेंही परवाना घेऊन ती केली.

विंचेस्टरला आपली चूक जड गेली. पेटंटें इतकीं पक्कीं होतीं कीं १९११ च्या त्यांच्या स्वतःच्या बंदुकीस खटका ओढण्याची मूठ ठेवतां येईना. नळीच हातानें मागें ढकलावी लागे. कागदी काडतूस फुगून अडकलें कीं लोक दस्ता जमिनीवर टेकून नळी खालीं दाबीत, तोंड आपल्याकडे असतांना! त्यांत अपघात झाले.

ब्राउनिंग ह्यांच्या नांवावर १२८ पेटंटें आहेत. १९१४ सालीं साराजेव्होस जें पिस्तूल चाललें, त्याची रचनाही त्यांचीच. पुढच्या महायुद्धांत त्यांच्या मशीनगनांनीं कामगिरी बजावली. पाखरांच्या शिकारीसाठीं राबणाऱ्या हातांनींच हीं शस्त्रें घडविलीं, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.

अखेरपर्यंत ते कामांतच होते. २६ नोव्हेंबर १९२६ रोजीं हर्स्टालच्या कारखान्यांत, मुलगा व्हॅल ह्याच्या कचेरींत, हृदयक्रिया बंद पडून त्यांचा अंत झाला. एकावर एक दोन नळ्यांची एक नवी बंदूक त्या वेळीं अपुरी होती. ती मुलानें पुरी केली.