न वाजलेल्या पुंगीचे वादक : कल्याणजी वीरजी शहा

भोकर, प्रतिनिधी - लग्नसराईत भोकरच्या बाजारपेठेतून एखादी वरात निघाली, की एक धून हमखास कानावर येते. ती सुरू होताच नवरदेवाचे मित्र रुमालाचे टोक दातांत धरून त्याची पुंगी करतात. एखादा हौशी तरुण दोन्ही तळहात जोडून फणा काढतो आणि नव्या कपड्यांची पर्वा न करता रस्त्यावर लोळण घेतो. पूर्वी ही धून बँडमधील क्लॅरिनेटवाला गाल फुगवून वाजवीत असे. आता बँडच्या गाडीवर बसलेला मुलगा ती कीबोर्डवर एका हाताने वाजवतो. वाजवणाऱ्याची आणि नाचणाऱ्याची समजूत मात्र सारखीच असते, की ही गारुड्याच्या पुंगीची धून आहे. प्रस्तुत प्रतिनिधीचीही शाळकरी वयात तीच समजूत होती.

वस्तुस्थिती निराळी आहे. १९५४ साली ‘नागिन’ चित्रपटासाठी ही धून ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा पडद्यावरील नायकाच्या हाती बीन होती. परंतु ध्वनिमुद्रणात ऐकू येणारा स्वर विजेवर चालणाऱ्या एका परदेशी वाद्याचा होता. त्या वाद्याचे नाव क्लॅव्हिओलिन. ते वाजवणारा पंचविशीतील तरुण होता गिरगावातील एका किराणा दुकानदाराचा मुलगा, कल्याणजी वीरजी शहा. धाकटे बंधू आनंदजी यांच्यासमवेत पुढे अडीचशेच्या आसपास चित्रपटांना संगीत देणारे कल्याणजी ते हेच.

इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या तरुणांमध्ये हल्ली एक वाद सतत चालतो. संगणकात भरलेल्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरचा स्वर खरा, की जुन्या काळच्या, तारा आणि बटणांच्या अ‍ॅनालॉग यंत्राचा? जुन्या यंत्रांचे अभिमानी सांगतात, की त्या स्वराला ऊब असते, सॉफ्टवेअर ही निव्वळ नक्कल. कल्याणजींच्या चरित्राकडे या वादाच्या दृष्टीने पाहिले, तर गंमत वाटते. आज ज्या व्हॉल्व्हच्या यंत्राला अस्सल म्हणून मान मिळतो, ते त्यांच्या हाती आले तेव्हा स्वतःच नकलाकार होते.

कल्याणजींचा जन्म ३० जून १९२८ रोजी कच्छमधील कुंद्रोडी या गावी झाला. वडील वीरजी शहा यांनी मुंबईत येऊन गिरगावात किराणा दुकान थाटले. मराठी आणि गुजराती कुटुंबांच्या शेजारात मुले वाढली. त्यांच्या संगीतशिक्षणाची कथा सर्वश्रुत आहे. दुकानातील उधारी फेडणे ज्याला जमेना, अशा एका गिऱ्हाइकाने पैशांऐवजी दुकानदाराच्या मुलांना गाणे शिकवायचे कबूल केले. या मास्तरांना स्वतःला गाणे कितपत येत होते, याविषयी शहा कुटुंबातच विनोद होत असत, असे म्हणतात. काही का असेना, वाणसामानाच्या उधारीतून हिंदी चित्रपटसृष्टीला एक संगीतकार जोडी मिळाली.

क्लॅव्हिओलिनची निर्मिती फ्रान्समधील व्हर्साय येथे कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ साली केली. इंग्लंडमध्ये सेल्मर कंपनी ते बनवू लागली. वाद्याचे दोन भाग असत. एक तीन सप्तकांची छोटी पट्टी, जी पियानोच्या खाली अडकवता येई, आणि दुसरी अ‍ॅम्प्लिफायर व लाऊडस्पीकरची पेटी. आत रेडिओत असतात तसे व्हॉल्व्ह. त्यातून निघणारी विजेची आंदोलने तीक्ष्ण, कर्कशपणाकडे झुकणारी असत. बटणे खालीवर करून त्यातील काही अंश गाळला, की स्वराचा रंग बदले. एका वेळी एकच स्वर वाजे. दोन पट्ट्या एकदम दाबून उपयोग नसे. स्वर लहानमोठा करण्यासाठी पट्टीखाली एक दांडी असे, ती वादकाने गुडघ्याने ढकलायची.

आता गारुड्याच्या पुंगीकडे पाहावे. भोपळ्याच्या पोकळीत दोन नळ्या बसवलेल्या असतात आणि नळ्यांत बोरूच्या जिभल्या असतात. एका नळीवर धून आणि दुसरीवर अखंड आस. गारुडी गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे स्वर तुटत नाही. आवाज किनरा, नाकातला. क्लॅव्हिओलिनच्या मर्यादा पुंगीशी नेमक्या जुळणाऱ्या होत्या. एकच स्वर, तोही किनरा, आणि यंत्राला श्वास घ्यावा लागत नसल्यामुळे कितीही वेळ न तुटणारा. युरोपात हे वाद्य नाचगाण्याच्या वाद्यवृंदात व्हायोलिन, ट्रम्पेट यांच्या बदली वाजावे म्हणून विकले जाई. त्यात दडलेली पुंगी कल्याणजींनी ओळखली. पट्टीवर मींड काढता येत नव्हती. ती उणीव त्यांनी जलद कणस्वरांनी आणि यंत्रातील कंपनाने भरून काढली. परदेशातून मागवलेले हे वाद्य घेऊन ते आपल्या वाद्यवृंदाचे कार्यक्रम करीत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवीत.

‘नागिन’चे संगीतकार हेमंतकुमार. त्यांचे सहायक रवी, जे पुढे स्वतः नामांकित संगीतकार झाले, हार्मोनियमवर होते आणि कल्याणजी क्लॅव्हिओलिनवर. या दोन पट्टीवाद्यांच्या मिलाफातून ती बीन तयार झाली. वैजयंतीमाला पडद्यावर त्या स्वरांवर नाचल्या आणि लता मंगेशकरांच्या आवाजातील गाणे देशभर गाजले. हेमंतकुमार यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. चित्रपट दाखवला जात असताना खरे साप थिएटरात शिरतात, अशा वावड्या त्या काळी गावोगाव उठल्या. साप पुंगीच्या स्वरावर नव्हे, तर गारुड्याच्या हालचालीवर डोलतो, हे प्राणिशास्त्र कोणी विचारात घेतले नाही.

त्या काळाचा एक संदर्भ येथे सांगायला हवा. १९५४ साली नांदेड जिल्हा, आणि अर्थातच भोकर, हैदराबाद राज्यात होते. द्वैभाषिक मुंबई राज्यात मराठवाडा आला तो १९५६ मध्ये. आकाशवाणीवर चित्रपटगीते जवळजवळ ऐकू येत नव्हती. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांचा चित्रपटसंगीतावर रोष होता, त्यामुळे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले होते. आकाशवाणीने १९४० पासून हार्मोनियमवरही बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. परदेशी बनावटीची पेटी, तिचे स्वर ठरावीक, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, हा त्या बंदीमागील युक्तिवाद होता. म्हणजे सरकारी नभोवाणी ज्या काळात हाताने भाता मारायच्या पेटीलाही कृत्रिम ठरवत होती, त्याच काळात विजेच्या पेटीवरील धून खेड्यापाड्यात अस्सल देशी म्हणून स्वीकारली गेली. आज सॉफ्टवेअरवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांची भाषा त्या जुन्या युक्तिवादाशी किती मिळतीजुळती आहे, हे जाणकारांनी तपासून पाहावे.

कल्याणजींच्या या प्रयोगानंतर आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, इंग्लंडच्या ‘द टोर्नेडोज’ या वाद्यवृंदाची ‘टेलस्टार’ ही धून ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत लोकप्रियतेच्या पहिल्या क्रमांकावर गेली. त्यातही क्लॅव्हिओलिनच होते. तेथे त्या स्वरातून अंतराळातला उपग्रह ऐकू आला, आपल्याकडे वारुळातला नाग.

संगीतकार म्हणून कल्याणजींचा पहिला चित्रपट ‘सम्राट चंद्रगुप्त’, १९५८ चा. त्यानंतर आनंदजी सोबतीला आले आणि ‘सट्टाबाजार’, ‘मदारी’, ‘छलिया’ असा प्रवास सुरू झाला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी स्वतंत्र होण्यापूर्वी या जोडीकडे सहायक म्हणून काम केले. ‘जब जब फूल खिले’, ‘उपकार’, ‘कोरा कागज’ ही नावे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. ‘सरस्वतीचंद्र’च्या संगीतासाठी त्यांना १९६८ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विजेच्या वाद्याने नाव मिळवलेल्या माणसाचा हा सन्मान अत्यंत सोज्ज्वळ, सुरेल चालींसाठी झाला, हेही ध्यानात घ्यावे. यंत्राचे आकर्षण असलेला संगीतकार यंत्राच्या आहारी गेला नव्हता. १९७८ च्या ‘डॉन’मध्ये ब्रास, गिटार आणि तालवाद्यांचा जो दणदणाट आहे, तो एका खोलीत एकत्र बसून वाजवणाऱ्या माणसांचा आहे.

घरात मात्र यंत्रे येतच राहिली. धाकटे बंधू बाबला यांनी दांडियाला सिंथेसायझर आणि डिस्कोच्या ठेक्याची जोड दिली. कल्याणजींचे चिरंजीव विजू शहा कीबोर्डच्या जगातच वाढले. १९८३ मध्ये मिडी नावाची पद्धत आली आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली; त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर बाजारात आला. १९८९ च्या ‘त्रिदेव’मध्ये या नव्या यंत्रांचा ठसा स्पष्ट ऐकू येतो. पुढे ‘मोहरा’ आणि ‘गुप्त’ या चित्रपटांचे संगीत विजू शहा यांनी स्वतंत्रपणे दिले, ते बव्हंशी कीबोर्ड आणि प्रोग्रामिंगवर उभे आहे. ‘गुप्त’च्या पार्श्वसंगीताला फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. बापाने एक स्वर वाजवणारे यंत्र हाताळले, मुलाने संपूर्ण वाद्यवृंद वाजवणारे.

या प्रगतीची किंमत कोणीतरी मोजलीच. मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत एके काळी एका गाण्यासाठी कित्येक डझन वादक जमत. त्यात गोव्याहून आलेले व्हायोलिनवादक, पारशी तालवादक, मराठी ढोलकीवाले, सारे असत. नव्वदीच्या दशकात ही गर्दी ओसरत गेली. कीबोर्डवर व्हायोलिनचा ताफा उमटू लागल्यावर पन्नास माणसांना बोलावून, जेवण आणि मेहनताना देऊन ध्वनिमुद्रण करण्याची गरज निर्मात्यांना वाटेनाशी झाली. सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर यांच्या भांडणात ही बाब सहसा येत नाही. व्हॉल्व्हच्या यंत्राने गारुड्याची पुंगी ध्वनिमुद्रणाबाहेर ठेवली, डिजिटल कीबोर्डने व्हायोलिनचा ताफा घरी पाठवला आणि १९९६ पासून संगणकात शिरू लागलेल्या सॉफ्टवेअर वाद्यांनी खुद्द कीबोर्डचे ढीग अडगळीत टाकले. गारुड्याचा धंदा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापासकट काढून घेतला. पुंगीची धून उरली, तीही यंत्रावरची.

तांत्रिकदृष्ट्या अ‍ॅनालॉगवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. व्हॉल्व्ह तापला, की स्वर किंचित सरकतो. दोन यंत्रे कधीच हुबेहूब वाजत नाहीत. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हे सरकणे, ही चूक, गणिताने मुद्दाम घालावी लागते. ती ते आता बरीच चांगली घालतात. परंतु क्लॅव्हिओलिनच्या स्वराचा नमुना माऊसच्या एका टिचकीवर लावला, म्हणून ‘नागिन’ची बीन निघत नाही, याचे कारण व्हॉल्व्ह नव्हे, गुडघा आहे. स्वर कोठे फुगवायचा आणि कोठे आवरायचा, हे कल्याणजी पायाने ठरवीत होते, आणि ज्या कार्यक्रमांतून ते शिकले, तेथे पुढ्यात प्रेक्षक बसलेले असत. संगणकालाही पायपट्टी जोडता येते. जोडतात फार थोडे.

उत्तरायुष्यात कल्याणजींचे मन यंत्रांपेक्षा माणसांत अधिक रमले. लहान मुलांना मंचावर उभे करून, त्यांच्याकडून गाऊन घेण्याचा त्यांनी ध्यास घेतला. आपल्या दाभोळच्या साधना सरगम आणि पुढे सुनिधी चौहान यांच्या जडणघडणीत त्यांचा वाटा आहे. १९९२ मध्ये या जोडीला पद्मश्री मिळाली. मंचावर विनोद सांगण्यात कल्याणजी वाकबगार होते आणि त्यांच्या कार्यक्रमांना काही श्रोते गाण्यांइतकेच या विनोदांसाठी येत. २४ ऑगस्ट २००० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पाच वर्षांनी, २००५ मध्ये, अमेरिकेच्या ‘ब्लॅक आइड पीज’ या गटाने ‘डॉन’ आणि ‘अपराध’ या चित्रपटांतील गाण्यांचे तुकडे उचलून आपले एक गाणे केले आणि २००६ मध्ये त्या गाण्याला ग्रॅमी मिळाली. मुंबईच्या वादकांनी जुन्या फितीवर वाजवलेले ते स्वर संगणकात कापून, जोडून वापरले गेले होते.

भोकरच्या वरातीतील कीबोर्डवर त्या धुनीसाठी वेगळे बटण असते, त्यावर सापाचे चित्र चिकटवलेले दिसते. बटण दाबले, की पुंगीसारखा आवाज निघतो. पट्ट्या मात्र त्या मुलालाच दाबाव्या लागतात. परवाच्या वरातीत त्याने शेवटचा स्वर जरा जास्तच लांबवला, तेव्हा लोळण घेतलेला तरुण उठायला तयार नव्हता आणि मागे ट्रकवाले हॉर्न वाजवीत उभे होते.