रेषा खरंच सरळ आहे का? रोनाल्ड फिशर यांची कसोटी

रोनाल्ड फिशर यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनमध्ये झाला. त्यांची दृष्टी फार अधू होती. शाळेत असताना संध्याकाळी दिव्याच्या उजेडात वाचायला मनाई होती, त्यामुळे कागद-पेन्सिलीशिवाय मनातच आकृती मांडून गणित सोडवायची सवय त्यांना लागली.

१९१९ मध्ये ते इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. तिथे अनेक दशकांच्या पिकांच्या नोंदी साठल्या होत्या. १९२२ मध्ये त्यांनी एक नेमका प्रश्न हाती घेतला: मोजमापांवरून काढलेली रेषा त्या मोजमापांना खरोखर जुळते का?

उपाय असा. प्रत्येक पातळीवर मोजणी पुन्हा पुन्हा करायची. त्या आकड्यांमधला आपापसातला फरक म्हणजे मोजणीतली स्वाभाविक चूक. मग प्रत्येक पातळीची सरासरी रेषेपासून किती ढळते ते पाहायचं. हे ढळणं स्वाभाविक चुकीच्या मानाने फार मोठं असेल, तर संबंध सरळ रेषेचा नाही.

आज प्रयोगशाळेतील चाचण्यांची पद्धत पारखताना ही कसोटी वापरतात. सहसंबंध गुणांक ०.९९ असूनही रेषा वरच्या टोकाला वाकलेली असू शकते. मग साखर खूप वाढलेल्या रुग्णाचा आकडा कमी दिसतो आणि उपचार चुकू शकतो.

इतरांच्या आकड्यांना कसोटी देणाऱ्या फिशर यांनी धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हा निष्कर्ष मात्र स्वीकारला नाही. २९ जुलै १९६२ रोजी ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे त्यांचं निधन झालं.